तेहतीस फेंकी

आमच्या घरीं रविवारची रात्र ही हिशेबाची रात्र असते. पंगत उठली, कीं थोरले बंधु सोप्यावर पानाचा डबा उघडून बसतात आणि मुलामुलींच्या आठवड्याच्या कामगिरीची विचारपूस सुरू होते. कोणास गणितांत किती गुण मिळाले, कोणाचा वर्गांत कितवा नंबर आला, कोणीं किती पानें वाचलीं, सारें आंकड्यांत. दादांच्या मनांत त्यावेळीं कठोरता नसते. त्यांनीं तीस वर्षें हिशेबतपासनिसाच्या कचेरींत काढलीं आहेत, आणि आंकड्याइतकी प्रामाणिक वस्तु जगांत दुसरी नाहीं अशी त्यांची श्रद्धा आहे.

गेल्या रविवारीं पाळी आली ती त्यांच्याच धाकट्या चिरंजीवांची. हा मुलगा कॉलेजच्या क्रिकेट-संघांत आहे; परंतु गेलीं दोन वर्षें तो बारावा गडी. दादांनीं विचारलें, “यंदां धावा किती झाल्या?”

“एकही नाहीं.”

“बळी किती घेतलेस?”

“एकही नाहीं.”

“मग रोज पहांटे पांच वाजतां उठून जातोस तें कशाला?”

मुलगा कांहीं वेळ गप्प राहिला. मग खालीं पाहूनच म्हणाला, “सोडूनच द्यावें म्हणतों, बाबा.” वहिनी आंत जातां जातां थबकल्या, आणि आई जपाची माळ तशीच हातांत धरून नातवाकडे पाहत राहिली. दादांनीं सुपारी कातरली व पुढच्या मुलीचें नांव घेतलें.

रात्रीं मी माडीवर या सदराचेंच कांहीं लिहीत बसलों असतां तो वर आला. त्याची थोरली बहीण लॉस अँजलिस येथें असते. तिनें धाडलेलें एका खेळाडूचें कोष्टक त्यानें फोनवर माझ्यापुढें धरलें. “काका, हा पाहा माझा भाऊबंद. चार वर्षांत तेहतीस फेंकी!” बोलतांना तो हंसला, पण तें हंसणें मला बरें वाटलें नाहीं. म्हणूनच या महिन्यांत वाचकांपुढें तें कोष्टक मांडावें असें ठरविलें. ज्या घरांत मुलें आहेत त्या प्रत्येक घरांत असें एखादें कोष्टक केव्हां ना केव्हां उघडलें जातेंच.

प्रथम खेळाविषयीं चार शब्द. आपण ज्यास फुटबॉल म्हणतों तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलांत पायाचें काम थोडें, हाताचें पुष्कळ. चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता. मैदान शंभर यार्डांचें. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं जातो. असें करीत करीत प्रतिपक्षाच्या टोकाची रेषा ओलांडली, कीं ‘टचडाउन’ होतो व सहा गुण पदरीं पडतात. या सर्व धडपडीचा सूत्रधार म्हणजे ‘क्वार्टरबॅक’. प्रत्येक प्रयत्नाचा बेत तो सोबत्यांस सांगतो, चेंडू प्रथम त्याच्या हातीं येतो, आणि तीन तीनशें पौंड वजनाचे गडी अंगावर धांवून येत असतां दोन-तीन सेकंदांत तो कोणाकडे फेंकावा हें त्यास ठरवावें लागतें. इतर जागांवरचे गडी आलटून पालटून खेळवितां येतात. सूत्रधार मात्र सहसा बदलत नाहींत. एक खेळतो, आणि त्याच्याइतकाच अभ्यास केलेला दुसरा मैदानाच्या कडेला उभा राहतो. त्यास राखीव क्वार्टरबॅक म्हणतात.

माझ्या पुतण्यानें दाखविलेलें कोष्टक अशाच एका राखीव गड्याचें होतें. नांव मॅट कॅसल. लॉस अँजलिस शहरांतील युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया हें त्याचें विद्यापीठ. या विद्यापीठाचा संघ ज्या कोलिझियम नामक प्रचंड क्रीडांगणांत खेळतो, त्याच जागीं १९३२ सालच्या ऑलिंपिकमध्यें हिंदुस्थानच्या हॉकी-संघानें अमेरिकेचा २४ विरुद्ध १ असा पराभव केला होता, हें वाचकांस ऐकून कौतुक वाटेल. कॅसल तेथें २००१ ते २००४ असे चार हंगाम संघांत होता. या चार वर्षांचा त्याचा सगळा हिशेब असा: फेंकी ३३, त्यांपैकीं सोबत्यांनीं झेललेल्या २०, मिळविलेलें अंतर १९२ यार्ड, टचडाउनच्या फेंकी शून्य, प्रतिपक्षानें मध्येंच पकडलेली फेंक एक. क्वार्टरबॅक म्हणून सामन्याचा आरंभ त्यानें एकदांही केला नाहीं.

दादांच्या पद्धतीनें पाहिलें तर येथें प्रकरण संपलें. परंतु आंकडा प्रामाणिक असला तरी तो बोलका असतोच असें नाहीं. त्यास प्रश्न विचारावा लागतो. पहिला प्रश्न असा, कीं या माणसाच्या पुढें कोण उभें होतें?

पुढें प्रथम कार्सन पामर होता आणि नंतर मॅट लायनार्ट. अमेरिकेंत वर्षांतील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन फुटबॉलपटूस १९३५ सालापासून हाइझमन नांवाचा बहुमान देण्यांत येतो. पामरला तो २००२ सालीं मिळाला आणि लायनार्टला २००४ सालीं. म्हणजे साऱ्या देशांतून निवडलेले दोन सर्वोत्तम खेळाडू एकामागून एक ज्या जागेवर उभे होते, त्याच जागेसाठीं कॅसल थांबला होता. आणि योगायोग पाहा: पामरनें हाइझमन मिळविला त्या हंगामांत त्याच्या टचडाउनच्या फेंकी होत्या ३३, लायनार्टच्या त्याच्या हाइझमनच्या हंगामांतही ३३; आणि कॅसलच्या चार वर्षांतल्या एकूण साऱ्या फेंकी, तेवढ्याच, ३३.

दुसरा प्रश्न असा, कीं तेहतीस फेंकींवरून कांहीं ठरवितां तरी येतें काय? लायनार्टनें एकट्या २००४ सालीं १३ सामन्यांत ४१२ फेंकी केल्या. सामन्यास सरासरीनें जवळजवळ ३२. म्हणजे कॅसलचें महाविद्यालयीन आयुष्य हें लायनार्टच्या एका शनिवारच्या दुपारीएवढें. एका दुपारीवरून आपण कोणाची परीक्षा करतों का?

महाविद्यालयीन फुटबॉलांत फेंकणाऱ्याचा गुणांक काढण्याचें एक ठराविक सूत्र आहे. एकूण यार्डांस ८.४ नें गुणावें, त्यांत प्रत्येक टचडाउनचे ३३० व प्रत्येक झेललेल्या फेंकीचे १०० मिळवावे, प्रतिपक्षानें पकडलेल्या प्रत्येक फेंकीमागें २०० वजा करावे, आणि येईल त्यास एकूण फेंकींनीं भागावें. कॅसलचा गुणांक या रीतीनें १०३.४ येतो, लायनार्टचा २००४ सालचा १५६.५. अंतर मोठें आहे खरें. परंतु या भागाकाराकडे थोडें थांबून पाहावें. कॅसलच्या वीस झेललेल्या फेंकींपैकीं एकच जरी टचडाउनची ठरली असती, तर ३३० भागिलें ३३ म्हणजे बरोबर १० गुण त्याच्या खात्यांत एकदम वाढले असते. लायनार्टला तीच एक फेंक एका गुणाचीही भर घालूं शकली नसती. ३३० भागिलें ४१२ म्हणजे जेमतेम ०.८. संधि थोडी असली, कीं प्रत्येक चूक डोंगराएवढी होते आणि प्रत्येक यशही तितकेंच फुगतें. छेद लहान असेल तेथें अंशावर फार विश्वास ठेवूं नये, हें आपण मुलांना अपूर्णांक शिकवितांना सांगत नाहीं; पण सांगावें असें आतां वाटतें.

तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा: कोष्टकांत ज्यासाठीं रकानाच नाहीं तें कोठें लिहावयाचें? राखीव क्वार्टरबॅक आठवडाभर काय करतो, हें ठाऊक नसेल तर त्याची किंमत कळत नाहीं. पुढच्या शनिवारीं ज्या संघाशीं गांठ आहे, त्या संघाचा सूत्रधार कसा खेळतो, चेंडू किती उंचावरून सोडतो, कोणत्या बाजूस पळतो, याचा अभ्यास करून राखीव गडी सरावांत पुष्कळदां त्याची नक्कल करतात. आपल्याच संघाच्या बचावाच्या गड्यांना शत्रु आधींच भेटावा, म्हणून हे स्वतः शत्रु होतात. सामन्याच्या दिवशीं कडेला उभें राहून खुणा पोंचविणें, प्रतिपक्षाच्या हालचाली टिपणें, मैदानांतून परतलेल्या पहिल्या गड्यास आपण काय पाहिलें तें सांगणें, हींही कामें असतात. शनिवारीं विजय होतो तेव्हां या कामाचा वांटा त्यांत असतो; पण रविवारच्या कोष्टकांत राखीव गड्यापुढें रेघ मारलेली असते.

कॅसलनें तर याहूनही एक गोष्ट केली. क्वार्टरबॅकची जागा मोकळी नाहीं असें दिसतांच, चेंडू झेलणाऱ्यांच्या व अडविणाऱ्यांच्या जागीं खेळावयासही तो उभा राहिला. जेथें उपयोग होईल तेथें. आपल्या घरांतून अशीं माणसें असतात. त्यांस आपण कामसू म्हणतों आणि पुढें त्यांचें नांव घ्यावयास विसरतों.

२००५ सालीं धंदेवाईक संघांनीं महाविद्यालयीन खेळाडू निवडले, तेव्हां न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघानें कॅसलला सातव्या म्हणजे अखेरच्या फेरींत, एकंदर २३० व्या क्रमांकावर घेतलें. पामर २००३ च्या निवडींत पहिला होता, लायनार्ट २००६ च्या निवडींत दहावा. ज्यानें महाविद्यालयांत क्वार्टरबॅक म्हणून एकदांही आरंभ केला नाहीं, त्यास घेतलें हेंच पुष्कळांस नवल वाटलें. तेथेंही त्याच्या पुढें उभा होता टॉम ब्रेडी. हा ब्रेडी स्वतः मिशिगन विद्यापीठांत पहिलीं वर्षें राखीव म्हणून बसलेला, २००० सालीं १९९ व्या क्रमांकावर निवडलेला. आणि २००१ सालीं संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जखमी झाला म्हणून मैदानांत आलेला. राखीव म्हणून आलेला तो पुढें या खेळांतील सर्वांत यशस्वी गड्यांमध्यें गणला गेला. त्याच्या मागें कॅसल आणखी तीन हंगाम थांबला. त्या तीन हंगामांतील त्याच्या साऱ्या फेंकी मिळून चाळीसही भरल्या नाहींत.

७ सप्टेंबर २००८ रोजीं, हंगामाच्या पहिल्याच सामन्यांत, ब्रेडीचा गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम तेथेंच संपला. कॅसल मैदानांत उतरला. तो सामना संघानें १७–१० असा जिंकला. पुढच्या आठवड्यांत न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध त्यानें सामन्याचा आरंभ केला. शाळा सोडल्यापासून क्वार्टरबॅक म्हणून सामना आरंभण्याची ही त्याची पहिली वेळ. मध्यें सुमारें नऊ वर्षें गेलीं होतीं. तोही सामना १९–१० असा जिंकला गेला.

त्या हंगामाचा त्याचा हिशेब वाचकांनीं वरच्या हिशेबाशेजारीं ठेवून पाहावा. फेंकी ५१६, झेललेल्या ३२७, अंतर ३६९३ यार्ड, टचडाउनच्या २१, प्रतिपक्षानें पकडलेल्या ११. नोव्हेंबरांत लागोपाठच्या दोन सामन्यांत त्यानें प्रत्येकीं चारशें यार्डांचा पल्ला गांठला. डिसेंबरांत त्याचे वडील निवर्तले. त्याच आठवड्याच्या रविवारीं, १४ तारखेस, तो ओकलंड येथें मैदानांत उतरला आणि त्यानें टचडाउनच्या चार फेंकी केल्या. संघानें त्या वर्षीं सोळांपैकीं अकरा सामने जिंकले. इतकें करूनही संघास पुढच्या फेरींत जागा मिळाली नाहीं. कारण मायामीचा संघही अकराच सामने जिंकून बरोबरींत होता, आणि बरोबरी सोडविण्याच्या नियमानें त्यांच्या गटांतील पहिली जागा मायामीस गेली. आंकड्यांचा न्याय असाही असतो.

आणखी एक गंमत. महाविद्यालयांतील त्या क्षुल्लक तेहतीस फेंकींत झेललेल्यांचें प्रमाण शेंकडा ६०.६ होतें, २००८ च्या पांचशें सोळांत तें शेंकडा ६३.४ भरलें. म्हणजे तें लहान कोष्टक अगदींच खोटें बोलत नव्हतें. तें हळू आवाजांत बोलत होतें, इतकेंच.

येथें गोष्ट संपविली तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाहीं. २००९ सालीं कॅसल कॅन्सस सिटी चीफ्स या संघाकडे गेला. सहा वर्षांचा, सहा कोटी तीस लक्ष डॉलर्सचा करार झाला. २०१० सालीं त्यानें टचडाउनच्या २७ फेंकी केल्या, प्रतिपक्षाच्या हातीं फक्त ७ गेल्या, आणि वर्षांतील निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठीं त्याची निवड झाली. त्यानंतर उतार लागला. २०१२ सालीं संघ सोळांपैकीं अवघे दोन सामने जिंकला, आणि पुढच्या वर्षीं संघानें त्यास निरोप दिला. मग कोठें कांहीं सामने मुख्य म्हणून, कोठें पुन्हा राखीव म्हणून, असें करीत तो २०१८ पर्यंत खेळला. म्हणजे ज्या कडेवरून तो आला होता त्याच कडेवर परतला. त्यास यशस्वी म्हणावें कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें. मला एवढेंच दिसतें, कीं २३० व्या क्रमांकाचा गडी चौदा हंगाम या खेळांत टिकला.

आणि ज्यांच्या पुढच्या गड्याचा गुडघा कधींच दुखावला नाहीं, त्यांचें काय? असे राखीव गडी शेंकड्यांनीं असतात. चार वर्षें सराव करून, दुसऱ्याच्या यशास हातभार लावून, ते पदवी घेऊन निघून जातात. पुढें कोणी वकील होतो, कोणी मास्तर. “थांब, तुझीही पाळी येईल,” असें वचन मुलास देण्याचा मोह आपणां वडील मंडळींस फार होतो. तें देऊं नये. पाळी येणें हें आपल्या हातीं नाहीं, आणि दुसऱ्याच्या दुखापतीची वाट पाहावयास शिकविणें हें तर पापच. कॅसलची गोष्ट “पाळी येतेच” असें सांगत नाहीं. ती सांगते ती एवढीच, कीं पाळी आली त्या दिवशीं तयारी करावयास वेळ उरलेला नव्हता. जी होती ती आधींच्या, कोणीं न मोजलेल्या दिवसांत झालेली होती. आणि ज्यांची पाळी आली नाहीं त्यांच्या तयारीवरही त्यांचा संघ जिंकलेला असतो.

हें सर्व मीं पुतण्यास त्या रात्रीं सांगितलें नाहीं. मीं त्यास एकच विचारलें, “तूं पहांटे जाऊन नक्की करतोस काय?” तेव्हां कळलें, कीं त्यांच्या मुख्य फलंदाजांस डावखुऱ्या गोलंदाजीचा सराव नाहीं, म्हणून हा मुळांत उजव्या हाताचा मुलगा गेले तीन महिने डाव्या हातानें चेंडू टाकावयास शिकला आहे, आणि रोज नेटमध्यें त्यांना तासभर टाकतो. घरांत हें कोणासही ठाऊक नव्हतें. त्यास कोणीं विचारलेंच नव्हतें. दादांनीं नाहीं, तसें मींही नाहीं. धावा आणि बळी यांच्यापलीकडे आमच्या हिशेबांत तिसरा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं मीं ही गोष्ट दादांच्या कानांवर घातली आणि कॅसलचें कोष्टकही कागदावर उतरून दिलें. त्यांनीं चष्मा लावला, भागाकार स्वतः करून पाहिला, १०३.४ बरोबर आहे अशी खात्री करून घेतली, व कागद दुमडून खिशांत ठेवला. बोलले कांहीं नाहींत.

संघ सोडावयाचा कीं नाहीं, हें मुलानें अद्याप ठरविलेलें नाहीं. तो निर्णय त्याचा त्यानें घ्यावा. परंतु काल संध्याकाळीं तो घरीं आला तेव्हां दादा ओसरीवरच होते. त्यांनीं धावा विचारल्या नाहींत, बळी विचारले नाहींत. म्हणाले, “काय रे, डाव्या हातानें टाकतांना खांदा दुखत नाहीं ना?”

मुलगा पायरीवरच बसला, आणि चांगला अर्धा तास बोलत राहिला.